पोट राखून

सत्यभामाबाईला सुईण म्हणून ओळखणारी माणसं आता गावात जुन्यांतच उरली होती. नव्यांना ती नुसती रवीची आई. दवाखान्यातच बाळंत व्हा म्हणून सरकारनं धोशा लावला, दारात गाडी येऊ लागली, आणि सत्यभामाबाईच्या हाताला काम उरलं नाही. तोंडाला मात्र भरपूर होतं. आर्णीच्या रस्त्यावरच्या त्या गावात कुणाच्याही सुनेला दिवस गेले की सासू आधी सत्यभामाबाईच्या ओट्यावर येऊन बसायची, आणि मग आशाताईकडं नाव लिहायची. दवाखाना असो की घर, लेकरू बाहेर यायची वाट तर एकच, असं सत्यभामाबाई म्हणायची.

तिचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. "पोटात जागा एकच. भाकर ठेवा, नाई तं लेकरू ठेवा." गरोदर बाईनं पोट राखून खावं. सकाळी अर्धी भाकर, पातळ वरण, संध्याकाळी त्याहून कमी. लेकरू लहान राहतं आणि बाई सुखानं सुटते. ही काही तिची एकटीची अक्कल नव्हती. तिच्या आईनं आणि आजीनं तिला हेच शिकवलं होतं. दवाखाना लांब, मध्ये पुराचा नाला आणि साधन एक बैलगाडी, अशा काळात अडलेली बाई म्हणजे गेलेली बाई, हे त्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भीतीतून आलेली अक्कल होती ती. अशी अक्कल पुढं नाल्यावर पूल बांधला, रस्ता झाला, तरी डोक्यातून जात नाही.

सत्यभामाबाईच्या डोक्यातून तर ती जाणं शक्यच नव्हतं. तिची थोरली लेक सुकेशनी मारेगावकडच्या एका गावात दिली होती. घर खातंपितं. सून गरोदर राहिली तसं त्यांनी तिला हौसेनं दूध काय, तूप काय, लाडू काय, सगळं खाऊ घातलं. आणि लेकरू अडलं. सत्यभामाबाईला निरोप मिळून ती पोचली तेव्हा सुकेशनीच्या ओरडण्यातला जोर संपला होता. गावातल्या अर्ध्या पोरांची नाळ जिनं कापली, तिला आपल्या पोटच्या पोरीला सोडवता आलं नाही. लेकरू आडवं होतं की आणखी काही, ते कुणी पाहिलं नाही. सत्यभामाबाईनं एवढंच पाहिलं की ते गुटगुटीत होतं, भलंमोठं होतं, आणि जाताना तिच्या लेकीला घेऊन गेलं होतं. तेव्हापासून गरोदर बाईच्या ताटात दुसरी भाकर पडलेली दिसली की तिच्या छातीत धस्स व्हायचं.

म्हणून रूपालीला दिवस गेले तेव्हा सत्यभामाबाईला आनंद झाला तशी धास्तीही पडली. रूपाली तिच्या रवीची बायको, वणीची. बाप कोळशाचे ट्रक चालवायचा, आई ती शाळेत असतानाच वारली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी करायला होतं कोण? "जिले माय नाई तिले मी हाय नं," सत्यभामाबाईनं सगळ्यांना सांगून टाकलं, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. तिनं रूपालीला कपाशी वेचायला जाऊ दिलं नाही. पाण्याची गुंडी उचलू दिली नाही. रोज दुपारी तिला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावायची, रात्री तळपाय चोळून द्यायची. शेजारची हुस्नाबी म्हणायची, "ए सत्यभामा, सून हाय का नवाबाची बेगम?" सत्यभामाबाई म्हणायची, "लेक हाय."

आणि ते खरं होतं. म्हणूनच ताट वाढताना तिचा हात आवरता असायचा.

रूपाली मुळात गरीब गाईसारखी. तरी पाचवा महिना लागला तशी तिला भूक अशी लागायची की वास आला तरी पोटात कालवायचं. एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, अजून अर्धी घेऊ?"

"नोको घेऊ, बाई," सत्यभामाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "थोडे दिवस दम धर. एकदा सुटलीस की मंग पाह्य. डिंकाचे लाडू करतो, गरम भाकर करतो, तू नाई म्हणशीन तरी वाढतो. आता पोट राख."

रूपालीनं ताटात हात धुतला. तिला राग आला नाही. आईविना वाढलेल्या पोरीला कुणी "बाई" म्हणून पाठीवरून हात फिरवला, तर तिला अर्धी भाकर पुरते. निदान तिला तसं वाटायचं.

सासरा नागोराव या सगळ्यात कुठं नव्हता. पण आर्णीच्या बाजारातून येताना तो खिशात शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणायचा आणि बायको गोठ्यात गेली की सुनेच्या हातावर ठेवायचा. सत्यभामाबाईच्या नाकातून गुळाचा वास सुटायचा नाही. "तुमाले बायकायच्या गोष्टीतलं काय कळते?" ती फिस्कारली.

"काई नाई कळत," नागोराव म्हणाला. "भूक कळते."

यावर तिनं त्याला दोन दिवस चहाशिवाय ठेवलं. शेंगदाणे बंद झाले.

गावची आशाताई म्हणजे नसरीन. तिचं माहेर आणि सासर दोन्ही गावातच, आणि तिची नाळ सत्यभामाबाईनंच कापलेली. त्यामुळं बाकीच्या घरांत ठणकावून बोलणारी नसरीन या ओट्यावर आली की आवाज खाली घ्यायची. एका दुपारी ती गोळ्यांची पाकिटं घेऊन आली आणि रूपालीची पापणी खाली ओढून बघत म्हणाली, "मावशी, हिच्या अंगात रक्तच नाई. दवाखान्यात तपासलं तं सहाच्या आसपास आलं. बाराच्या जवळ पाह्यजे. ह्या लोहाच्या गोळ्या रोज देजा. अन् खाऊ घाला हिले. अंबाडीची, तरोट्याची भाजी, अंडं, काई बी."

"रक्त नाई तं रंग पाह्य कसा आला," सत्यभामाबाई कौतुकानं म्हणाली. "आली तवा काळीसावळी होती. आता कशी उजळली. पोरगी होते बघ."

"ते उजळणं नव्हे, मावशी. ते पांढरं पडणं हाय."

"तू माह्या हातावर जन्मली, नसरीन."

नसरीननं गोळ्यांची पाकिटं ओट्यावर ठेवली. मग तिचं लक्ष ओट्याखाली बांधलेल्या शेळीकडं गेलं. शेळीसमोर घमेल्यात अंगणवाडीतून आलेल्या आहाराचं पीठ कालवून ठेवलं होतं. ते पाकीट रूपालीच्या नावाचं होतं. "गाभण शेळीले चारता अन् गरोदर सुनेले नाई?" नसरीनला हसावं की रडावं कळेना.

"शेळीचं पिल्लू चार पायावर उभंच येते," सत्यभामाबाई म्हणाली. "तिले कायची भीती?"

गोळ्यांचं तिनं आधीच ठरवलं होतं. गोळीनं लेकरू फुगतं, हे ती गावातल्या प्रत्येक सासूला सांगत आली होती. आता घरच्या सुनेला कशी देणार? पण नसरीनला तोंडावर नाही म्हणणंही तिला बरं वाटेना. म्हणून रोज सकाळी ती पाकिटातून एक गोळी काढायची आणि मोरीजवळच्या कढीपत्त्याच्या बुडाशी मातीत दाबायची. रूपालीला पहिल्याच गोळीनं मळमळलं होतं, त्यामुळं तिलाही सुटल्यासारखं झालं. नसरीन महिन्यानं यायची, रिकामी पाकिटं बघायची आणि खूश होऊन जायची. कढीपत्ता मात्र त्या वर्षी चांगला तरारला.

थंडी पडू लागली. रूपाली चुलीच्या कडेची भाजकी माती उकरून खाऊ लागली. एक दिवस चुलीचा कोपरा तुटका दिसला तेव्हा सत्यभामाबाई हसली. पोटुशी बाईला मातीचे डोहाळे लागतातच, तिलाही लागले होते. रात्री रूपालीला धाप लागायची, ती उशाला दोन चादरी घेऊन बसल्या बसल्या झोपायची. पाय सुजले, अंगठी निघेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही म्हणून चिंता केली आणि सलाइनमधून लोह द्यायला यवतमाळला जा असं लिहून दिलं. रवी मालवाहू ऑटो चालवायचा. तो म्हणाला, "उद्या भाडं नाई घेत. नेतो तिले."

"सुईनं रक्त वाढवून आण," सत्यभामाबाई म्हणाली. "लेकरू वाढंल. मंग फाडा पोट. तुह्या बहिणीचं काय झालं ते मी पाह्यलं, तू नाई पाह्यलं."

बहीण गेली तेव्हा रवी लहान होता. त्याला आठवत होतं ते एवढंच, की आई कित्येक दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होती. तो बायकोकडं बघत राहिला. रूपाली म्हणाली, "आई म्हणतात तसं करू." ऑटो दुसऱ्या दिवशी सोयाबीनची पोती घेऊन आर्णीला गेला.

एकदाच, फक्त एकदाच, सत्यभामाबाईचा धीर सुटला होता. दुपारची वेळ होती. रूपाली अंगणातून लोटाभर पाणी घेऊन येत होती आणि मध्येच खाली बसली. सत्यभामाबाई धावली. तिनं सुनेचा हात हातात घेतला, तो गार होता. नखं कागदासारखी पांढरी. इतक्या बाळंतिणी पाहिलेली बाई ती, तिच्या मनानं काहीतरी ओळखलंच. ती आत गेली, टोपलीतली अख्खी भाकर काढली, वर तेलाची धार सोडली, चटणी ठेवली आणि ताट घेऊन दारात आली. उंबऱ्याशी रूपाली भिंतीला टेकून बसली होती. लुगड्याखाली तिचं पोट दिसत होतं. लहानसं, गोल, आवरलेलं. आतापर्यंत सगळं नीट जमत आलं होतं. सुकेशनीचं पोट आठवलं आणि सत्यभामाबाईनं भाकरीचे दोन तुकडे केले. एक ताटात ठेवला आणि एक परत टोपलीत टाकला.

कळा दिवस भरायच्या आतच सुरू झाल्या. सकाळी नऊच्या सुमाराला नसरीननं गाडी बोलावली आणि तिघी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्या. तिथल्या सिस्टरनं कागद पाहिले, रूपालीचा चेहरा पाहिला आणि आल्या पावली यवतमाळला हलवायचं म्हणाली. पण मोठी गाडी येईपर्यंत लेकरू थांबायला तयार नव्हतं. सत्यभामाबाई सुनेच्या डोक्याशी उभी राहिली, कपाळ पुसत राहिली. दोन जोरदार कळा आणि मूल बाहेर. टाका नाही, कापणं नाही, ओरडणं नाही. भुईमुगाच्या शेंगेतून दाणा निघावा तशी पोरगी निघाली आणि मांजरीच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडली.

इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं सत्यभामाबाईला वाटलं. तिनं सुनेचं तोंड कुरवाळलं, तिच्या कानाशी म्हणाली, "सुटलीस वं माय, सुटलीस." मग ती व्हरांड्यात आली, नसरीनकडून मोबाइल लावून घेतला आणि हुस्नाबीला सांगितलं, "सुटली आमची! दोन कळात. कुठं काई टाका नाई, फाडणं नाई. मी तुले सांगतलं नव्हतं? तुह्या मेहनाजलेही असंच पोट राखायले लाव. तिच्या वेळेले मी येतो." हुस्नाबीची सून मेहनाज पाचव्या महिन्यात होती. हुस्नाबीनं पलीकडून अल्लाचे आभार मानले.

मोबाइल परत देऊन ती आत वळली तेव्हा सिस्टर रूपालीचं पोट चोळत होती आणि चोळता चोळता दुसरीला सुई भरायला सांगत होती. पायांखाली रक्त होतं. सत्यभामाबाईनं ते बघितलं आणि तिला काही वाटलं नाही. एवढं तर जातंच. तिनं याच्या दुप्पट गेलेल्या बायका दुसऱ्या दिवशी उठून बसलेल्या पाहिल्या होत्या. पण रूपालीचे ओठ मातीच्या रंगाचे झाले होते.

मोठी गाडी आली. रूपालीला आडवं घातलं, दोन्ही हातांना सलाइन लावली. नसरीन तिच्या पायाशी बसली, सत्यभामाबाई पदराखाली पोरीला छातीशी धरून उशाशी. रवी मागून ऑटो घेऊन येत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, ऊन पडलं होतं. गाडीतला डॉक्टर सारखा नाडी धरून होता.

"आई," रूपाली म्हणाली, "थंडी वाजून राह्यली."

सत्यभामाबाईनं अंगावरची शाल तिच्यावर टाकली. थोडा वेळ गेला. रूपालीनं पुन्हा डोळे उघडले. "आई, भूक लागली."

"हो नं बाई," सत्यभामाबाई घाईघाईनं म्हणाली. "आता खाय. आता मी कायले नाई म्हणू? लेकरू झालं. काय खातं, सांग."

"भाकर."

"करतो. घरी गेलो का गरम करतो."

रूपाली काहीतरी आणखी म्हणाली, ते सायरनमध्ये ऐकू आलं नाही. सत्यभामाबाईनं कान तिच्या तोंडाशी नेला. डॉक्टरनं तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि रूपालीच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला. यवतमाळ अजून यायचं होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रवीला खुर्चीवर बसवलं आणि हळू बोलल्या, पण सत्यभामाबाई शेजारीच उभी होती. "रक्त फार गेलं नाही हो. एवढं पुष्कळ बाळंतिणींचं जातं, त्या सावरतात. हिच्या अंगात जायला काही नव्हतंच. गोळ्या मिळत नव्हत्या का?"

"मिळत होत्या, मॅडम," नसरीन रडत म्हणाली. "रोज खायची. मी स्वतः रिकामी पाकिटं पाह्यली."

सत्यभामाबाईला डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य समजलं होतं. अंगात जायला काही नव्हतंच. तिनं दोन भिंतींच्या कोपऱ्यात जाऊन पाठ टेकली. रवी उठून तिच्याजवळ आला, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता म्हणाला, "माय, तू तिले लेकीवाणी जपलं. तुहा काय दोष?" सुकेशनी गेली तेव्हासुद्धा सत्यभामाबाईला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

पोरगी काचेच्या पेटीत होती. सत्यभामाबाईला लहान लेकरू हवं होतं ना, मिळालं. इतकं लहान की त्याच्या दंडात तिची बांगडी चढली असती. रूपालीला माती दिली, बुद्धवंदना झाली, जलदानविधी झाला, आणि सत्यभामाबाई पुन्हा यवतमाळला जाऊन त्या वॉर्डाच्या दारात बसली. पुढं पोरीला पेटीतून बाहेर काढलं तेव्हा तिथल्या सिस्टरनं तिला शिकवलं, की आईच्या जागी आता तुम्ही. हिला कपड्याविना तुमच्या उघड्या छातीशी बांधायचं, वरून पांघरूण घ्यायचं, डोकं झाकायचं. तुमच्या अंगाच्या उबेनं ही वाढेल. रवीलाही सिस्टरनं दाखवून ठेवलं, पण त्याला धीर होत नव्हता. हातातून निसटेल असं त्याला वाटायचं. दिवसरात्र पोरगी आजीच्या छातीवर असायची. आणि तिथं तिच्या लहानशा श्वासाखाली सत्यभामाबाईच्या मनात एकच गोष्ट फिरत राहायची. मी हिच्या आईला भुकी ठेवली. हे ती कुणालाही सांगू शकत नव्हती. रवीला तर नाहीच. बायको गेली, आता आईही त्याच्या मनातून जाईल, मग त्याला उरेल कोण? असं ती स्वतःला समजवायची. खरं म्हणजे तिला उरेल कोण, याची भीती होती.

घरी आल्यावर बायका बघायला येऊ लागल्या. देवाची मर्जी, तिची तेवढीच होती, सत्यभामाबाईनं हातावर झेललं तिला, असं म्हणून जाऊ लागल्या. एक दिवस दुपारी हुस्नाबी आली. पोरीसाठी तिनं जुन्या मऊ ओढणीचं झबलं शिवून आणलं होतं. सत्यभामाबाई ओट्यावर बसली होती, पोरगी पदराआड छातीशी. अंगणात रवी ऑटोचं चाक काढून ठोकत होता.

हुस्नाबी बराच वेळ पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दिल छोटा नोको करू, सत्यभामा. तुह्या हातून काय कमी झालं? अल्लानं तिची तेवढीच लिहिली होती. पण सुटली कशी, फुलासारखी! मी मेहनाजले तसंच ठेवून राह्यली. एकच रोटी, तेबी अर्धी कधी. गोळ्या तं मी उचलून ठेवल्या, नसरीनले खाल्ल्या म्हणून सांगतलं. पोट बी आवरलं हाय. अन् रंग असा उजळला तिचा का पाहात राहावं."

सत्यभामाबाईनं अंगणात पाहिलं. रवीची पाठ तिच्याकडं होती. तिनं आवाज अगदी खाली आणला. "तिले खाऊ घाल वं, हुस्ना. पोटभर. अन् गोळ्या दे."

"काहून?" हुस्नाबी चकित झाली. "तूच तं म्हणली होती..."

"आता म्हणतो, दे."

हुस्नाबीनं तिचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "समजते मले. दुःखानं बोलून राह्यली तू. मन थाऱ्यावर नाई तुहं. तू काळजी नोको करू, मेहनाजचं मी पाहतो. तू सांगतलं तसंच करतो." आणि ती उठायला लागली.

म्हणजे हिनं ऐकलं नव्हतंच. ऐकणार कशी? जन्मभर जिनं एकच सांगितलं, तिच्या एका वाक्यानं काय उलटणार? हुस्नाबी आता घरी जाईल आणि प्रेमानं, अगदी प्रेमानं, सुनेच्या ताटातली भाकर परत टोपलीत टाकेल. सत्यभामाबाईनं तिचा पदर धरला आणि तिला खाली बसवलं. आता आवाज खाली राहिला नाही.

"रूपालीनं गोळ्या खाल्ल्याच नाई. मी खाऊ देल्या नाई. त्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरल्या, एकेक करून. यवतमाळले रक्त वाढवायले जाऊ देलं नाई. अंगणवाडीचा खाऊ शेळीले चारला. ते अजून अर्धी भाकर मांगत होती, मी नाई म्हणलं. तिच्या अंगात रक्तच नव्हतं, हुस्ना, ते उजळली नव्हती. गाडीत मरतानी मले म्हणे, आई, भूक लागली." तिनं पदराआडच्या पोरीला सावरलं. मग ती म्हणाली, "बाळंतपण सुखाचं झालं म्हणतं तू. माह्या लेकीवर जे बेतलं त्या भेवानं मी ह्या लेकीले भुकी मारली. जाय. घरी जाऊन आधी तिले वाढ."

अंगणातली ठोकठोक थांबली होती. हुस्नाबी उभी राहिली. तिनं एकदा सत्यभामाबाईकडं आणि एकदा रवीकडं पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि चपला न घालताच घराकडं पळाली. पलीकडून तिची हाक ऐकू आली, "मेहनाज! अगं मेहनाज!"

रवी ओट्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हाताला ग्रीस लागलं होतं. तो मोरीशी गेला, कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. मग परत आला आणि आईच्या पदराखाली हात घालून त्यानं पोरीला उचललं. सत्यभामाबाईनं हात सैल सोडले. तिला धरून ठेवायचा हक्क कुठला होता?

ऊब गेली तशी पोरगी कळवळली. तिचे काड्यांसारखे हातपाय हवेत हलले. रवी तिला दोन्ही तळव्यांवर धरून तसाच उभा राहिला. क्षणभर सत्यभामाबाईला वाटलं तो तिला परत देईल. पण तो भिंतीशी खाली बसला, एका हातानं शर्टाची बटणं काढली आणि पोरीला उघड्या छातीवर पालथं ठेवलं. ती रडत राहिली. हळूहळू तिचं रडणं बारीक झालं, मग थांबलं.

"डोकं झाक तिचं," सत्यभामाबाई म्हणाली.

रवीनं आईकडं पाहिलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यानं पोरीचं डोकं झाकलं.